दुसऱ्या ढिगाची कपात : सोयाबीन पट्टीतला एक बग मशीनच्या मदतीनं कसा शोधला, ते पूर्ण प्रकरण

लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य बाजारातल्या, काही आडत दुकानांत शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या पैशांच्या हिशोबाची पावती, काढायला एक सॉफ्टवेअर वापरतात. मूळ कोड दुसऱ्याच टीमनं पायथनमध्ये लिहिलेला, आता आम्ही सांभाळतो. ज्यांना मोंढा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, शेतकरी माल आणतो, ढीग पडतो, सौदा होतो, ओलावा मशीनवर बघतात, मग काटा होऊन कट्टे भरतात आणि शेवटी पट्टी निघते. पट्टीत वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, दुकानातून उचल घेतली असेल तर ती, आणि ओलावा जास्त असेल तर त्याची कपात. ही कपात म्हणजे भांडणाचं मूळ. सोयाबीनला साधारण १२ टक्के ओलावा हा आधार धरतात, हमीभावाच्या सरकारी खरेदीतही तीच मर्यादा होती, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. आम्ही ज्या दुकानांचं बघतो तिथं नियम असा की १२ च्या वर दर एक टक्क्याला क्विंटलमागं एक किलो वजन धरायचं नाही.

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं पट्टी हातात घेऊन मुनीमजींना विचारलं, "मुनीमजी, दोन्ही ढिगाला सारखीच कपात कामून लावली? दुसरा ढीग तर वाळवलेला हाय, मशीनवर अकरा आलता की तुमच्यासमोर." मुनीमजींनी खर्डा, म्हणजे हातानं लिहिलेली कच्ची नोंद, काढून बघितला तर शेतकऱ्याचं बरोबर. पहिला ढीग १५ टक्के, त्याला ३ किलो कपात ठीक. दुसरा ११ टक्के, त्याला शून्य पाहिजे, पण पट्टीत तिथंही ३ किलो. दुसऱ्या ढिगाचं वजन १८ क्विंटल, म्हणजे ५४ किलो सोयाबीन हवेत गेलं, भाव ४,३०० धरला तर २,३२२ रुपये. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ होता आणि खुल्या बाजारात तेवढासुद्धा मिळत नव्हता, अशा वर्षी एका पट्टीत दोन हजारावर फरक म्हणजे त्या माणसाच्या बियाण्याच्या एका बॅगेचे तरी पैसे. त्यामुळं हे प्रकरण आम्ही "बघू, पुढच्या अपडेटला करू" या यादीत टाकलं नाही.

अडचण अशी होती की बग धरताच येईना. मुनीमजी म्हणायचे, "तोच ढीग उघडून परत सेव्ह केला की कपात बरोबर येते." कधी यायची, कधी नाही. दुकानातल्या पोरांनी तर सवयच लावून घेतलेली, मोठी पट्टी असली की दोनदा सेव्ह करायचं. आमच्या लॅपटॉपवर एक ढीग टाकून बघितला की सगळं चोख, आणि टेस्टचा संच, म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवला तर सगळाच हिरवा, म्हणजे पास. कपातीचा हिशोब पंधरा-वीस फंक्शनांतून, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या तुकड्यांतून, फिरतो, ओलावा, मातेरं, खरेदीदाराप्रमाणे वेगळे नियम, ढीग एकत्र करणं, पट्टी छापणं. एक-एक ओळ डोळ्यांनी वाचत बसलो असतो तर हंगाम संपला असता. म्हणून ठरवलं की बग शोधायच्या ज्या ऑटोमॅटिक पद्धती आहेत त्या इथं नीट क्रमानं लावायच्या, आणि प्रत्येक पद्धत कुठपर्यंत नेते आणि कुठं सोडते ते लिहून ठेवायचं. माझं मत या प्रकरणानंतर एकदम पक्कं झालं की या पद्धती संशयाची यादी देतात, आणि ती यादी तुमच्या फेल होणाऱ्या टेस्ट एकमेकींपासून जेवढ्या वेगळ्या तेवढीच कामाची असते. संशयाला मार्क द्यायचा फॉर्म्युला कुठला वापरला याचं महत्त्व त्याच्या खूप खाली.

पहिलं काम, फेल होणारं उदाहरण लहान करणं. दुकानातून त्या दिवसाचा सगळा डेटा आणला, काही शे नोंदी, ज्या क्रमानं टाकल्या त्याच क्रमानं एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम मध्ये बंद न करता, चालवल्या की चूक दिसायची. आता या शेकड्यांतल्या कुठल्या नोंदी खरंच लागतात? यासाठी डेल्टा डीबगिंग वापरलं. ही पद्धत आंद्रेआस झेलर यांची, १९९९ पासूनची, आणि इनपुट लहान करायचा त्यांचा आणि राल्फ हिल्डेब्रांट यांचा पेपर २००२ चा. त्यात मोझिला ब्राउझर क्रॅश करणारं ८९६ ओळींचं एचटीएमएल पान मशीननं आपोआप एका ओळीवर आणलं होतं, आणि ९५ क्लिक-टायपिंगच्या कृती ३ वर. ५०० मेगाहर्ट्‌झच्या पीसीवर १३९ वेळा चालवून ३५ मिनिटांत हे सगळं झालं, म्हणजे मशीन फार भारी पाहिजे असंही नाही.

लोकांना वाटतं की यात काय, अर्धं-अर्धं करत जायचं. पण साधं अर्धं करून इथं जमत नाही. चूक घडायला दोन नोंदी सोबत लागतात, एक सकाळची आणि एक दुपारची, मधोमध कापलं की एक इकडं जाते एक तिकडं, आणि दोन्ही अर्धे पास. डेल्टा डीबगिंगची खुबी ही की दोन्ही अर्धे पास झाले तर ते थांबत नाही, आणखी बारीक तुकडे करतं, चार, आठ, सोळा, आणि प्रत्येक वेळी एक तुकडा काढून उरलेलं सगळं चालवून बघतं. उरलेलं अजूनही फेल होतंय तर तो तुकडा कायमचा फेकला. असं करत शेवटी अशा ठिकाणी येतं की त्यातली एकही नोंद काढली तर चूक गायब. आमच्याकडं शेवटी दोनच नोंदी उरल्या, तोच शेतकरी, तीच तारीख, दोन्ही सोयाबीन, ओलावा १५ आणि ११.

पण एक गोष्ट यात आधी सोडवावी लागते, की मशीनला कसं कळणार पट्टी चुकली? मुनीमजींचा खर्डा प्रत्येक तुकड्याला तर मिळणार नाही. आम्ही एक नातं वापरलं : एखादा ढीग एकटाच चालवला तर जी कपात येते तीच कपात तो ढीग बाकी सगळ्यांसोबत चालवला तरी यायला पाहिजे. बरोबर उत्तर किती हे माहीत असायची गरजच नाही, दोन उत्तरं जुळतात का एवढंच बघायचं. टेस्टिंगवाले याला मेटामॉर्फिक टेस्ट म्हणतात. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला ही फार मोलाची गोष्ट आहे, पगारपत्रक असो, पीकविम्याचं असो, दूध डेअरीचं असो. बरोबर आकडा काढून देणारा माणूस दरवेळी हाताशी नसतो, पण "हे दोन आकडे सारखेच पाहिजेत" असं सांगता येणारी जागा बहुतेक ठिकाणी सापडते.

आणि दर खेपेला नवी प्रोसेस सुरू करायची. आधीच्या फेरीचं काही मेमरीत राहिलं तर डेल्टा डीबगिंग भलत्याच नोंदीवर बोट ठेवतं, आणि शोधणाऱ्याचा पद्धतीवरचा विश्वासच उडतो. पायथनच्या टेस्टमध्ये पण हेच, सगळ्या टेस्ट एका प्रोसेसमध्ये एकामागं एक चालतात, त्यामुळं एकीनं मेमरीत ठेवलेलं दुसरीला दिसू शकतं. आम्ही प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवली. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

दोन नोंदींची टेस्ट हातात आल्यावर पुढचं पाऊल गिट बायसेक्ट. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, त्यातल्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात. एक चांगला जुना कमिट सांगायचा, एक वाईट नवा, गिट मधला कमिट काढून देतं, टेस्ट चालवायची, परत मधला. हजार कमिट असतील तर साधारण दहा वेळा चालवून उत्तर येतं. स्क्रिप्ट देऊन हे पूर्ण आपोआप करता येतं, स्क्रिप्टनं ० दिला तर चांगला, १२५ दिला तर "या कमिटवर टेस्ट चालतच नाही, सोडून द्या", आणि १२७ पर्यंतचा बाकी कुठलाही आकडा म्हणजे वाईट. आमचं गाडं अडलं ते १२५ वर. मध्ये एके काळी डेटाबेसच्या टेबलांची रचना बदललेली, त्या काळातले बरेच कमिट असे अर्धवट की नवीन टेस्ट त्यांच्यावर उभीच राहत नाही. शेवटी गिटनं सांगितलं की आता फक्त सोडलेलेच कमिट उरलेत, पहिला वाईट कमिट यातला कुठलाही असू शकतो, आणि एक छोटी यादी दिली. त्या यादीत एक कमिट असा की वेग वाढवायचं काम आणि सगळ्या फायलींचं फॉरमॅटिंग एकत्र केलेलं, शेकडो ओळी लाल-हिरव्या, खरा बदल त्यात कुठं लपलाय ते दिसत नाही. बायसेक्टनं निदान एवढं सांगितलं की बग जुना नाही, त्या सुमारास आत आलाय. कमिट लहान ठेवा असं सगळेच सांगतात, फॉरमॅटिंग वेगळ्या कमिटमध्ये टाका हे पण सांगतात, ते का सांगतात हे अशा दिवशी कळतं.

आता मुख्य भाग. स्पेक्ट्रमवर आधारित फॉल्ट लोकलायझेशन. नाव मोठं आहे पण कल्पना सरळ आहे, प्रत्येक टेस्ट चालताना कुठल्या-कुठल्या ओळींवरून गेली हे नोंदवायचं, आणि मग बघायचं की फेल होणाऱ्या टेस्ट ज्या ओळींवरून जातात पण पास होणाऱ्या फारशा जात नाहीत त्या ओळी कुठल्या. अशा ओळींवर संशय जास्त. जॉर्जिया टेकच्या जोन्स, हॅरॉल्ड आणि स्टास्को यांनी २००२ ला टॅरँट्युला नावानं हे दाखवलं, ओळींना लाल ते हिरवा असा रंग देऊन. पुढं नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या आब्रेउ आणि सहकाऱ्यांनी ओचिआई नावाचा फॉर्म्युला यासाठी लावून बघितला आणि तो टॅरँट्युलापेक्षा बरा निघाला. हा ओचिआई मूळचा मासे अभ्यासणारा जपानी शास्त्रज्ञ, १९५७ साली जपानच्या आसपासचे सोल जातीचे मासे कुठं-कुठं सोबत सापडतात हे मोजायला त्यानं हे माप वापरलेलं. दोन गोष्टी किती वेळा सोबत घडतात एवढंच ते मोजतं, म्हणून माशांना चाललं तसं ओळींना आणि फेल टेस्टना पण चालतं. मला ही गोष्ट फार आवडते.

ओचिआईचा हिशोब असा : ती ओळ किती फेल टेस्टमध्ये चालली तो आकडा वर. खाली वर्गमूळ, त्याच्या आत एकूण फेल टेस्ट गुणिले ती ओळ चालवणाऱ्या एकूण टेस्ट. १ आला तर संशय पूर्ण, ० आला तर काहीच नाही. पायथनला कव्हरेज डॉट पाय नावाचं टूल आहेच, त्याच्या ५.० आवृत्तीपासून कुठल्या ओळीवरून कुठली टेस्ट गेली हे टेस्टच्या नावासकट साठवता येतं, त्याच्यावर आपला चार ओळींचा हिशोब लावला की झालं. जाव्हावाल्यांना जीझोल्टार तयार मिळतं.

आमच्याकडं कपातीशी संबंधित ३७ टेस्ट पास होणाऱ्या होत्या, आणि नव्या दोन फेल होणाऱ्या, एक १५ नंतर ११ ची, दुसरी उलटी, ११ नंतर १५ ची. ती उलटी टेस्ट लिहिली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, की उलट झालं की शेतकऱ्याचा फायदा होतो आणि दुकानदाराचं नुकसान, ओल्या ढिगाला कपातच लागत नाही. बग दोन्हीकडून खात होता, फक्त एका बाजूची तक्रार आली, कारण दुसऱ्या बाजूला पट्टी घेऊन गेलेला माणूस परत येऊन "मला जास्त दिले" म्हणेल तेव्हा ना.

पहिल्या फेरीची यादी आली. सगळ्यात वर कोण, तर ढीग एकत्र करणारा लूप, म्हणजे एका शेतकऱ्याचे एकापेक्षा जास्त ढीग असले की ते पट्टीत जोडणारा कोड. त्याच्यावरून दोन्ही फेल टेस्ट गेल्या आणि पास होणाऱ्यांतल्या फक्त ३, ज्यात एक ढीग सोयाबीन आणि एक तूर असा होता. मार्क ०.६३. त्याच्या खाली ०.५८ मार्कावर दोन ओळी, कॅशेमधून उत्तर परत देणाऱ्या. कॅशे म्हणजे एकदा काढलेलं उत्तर मेमरीत ठेवून पुढच्या वेळी तेच देणं. त्यांच्यावरून दोन्ही फेल आणि ४ पास टेस्ट गेलेल्या.

यादीत पहिला नंबर लूपचा म्हटल्यावर सगळे लूपवर तुटून पडले. लूप वाचला, लॉग लावले, बेरीज हातानं करून बघितली, काहीच नाही, लूपला जे दिलं ते तो बरोबर जोडत होता. इथंच या पद्धतीचा खरा धडा आहे म्हणून थांबून सांगतो. लूपला मार्क जास्त मिळाले ते तो दोषी होता म्हणून नाही, आमच्या दोन्ही फेल टेस्ट दोन ढिगांच्याच होत्या म्हणून. मशीनला "दोन ढीग" आणि "फेल" या दोन गोष्टी कायम सोबतच दिसल्या, त्यांना वेगळं करणारी एकही टेस्ट आपण दिली नव्हती, मग ते दुसरं काय सांगणार? आणि कॅशेच्या ओळीवरून ज्या ४ टेस्ट पास झाल्या त्यांचा किस्सा पण बघण्यासारखा आहे. त्यांत तोच ढीग उघडून भाव किंवा कट्ट्यांची संख्या बदलून परत सेव्ह केला होता. कॅशेनं जुनीच कपात दिली, पण ओलावा बदललाच नव्हता म्हणून जुनी कपात आणि खरी कपात एकच. म्हणजे चुकीच्या वाटेनं जाऊन उत्तर बरोबर. संशोधनात याला योगायोगानं बरोबर असं म्हणतात, आणि स्पेक्ट्रम पद्धतीचा हा मोठा शत्रू आहे, कारण अशी प्रत्येक टेस्ट दोषी ओळीला चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट देत जाते.

मग मुनीमजींना फोन लावला. विचारलं की दोन ढीग सोडून आणखी कधी कपात चुकलेली आठवते का. ते म्हणाले, "ओलावा टाइप करताना चुकला, पंधरा पडला, मग बारा करून दुरुस्त केला, तरी कधी कधी कपात पंधराचीच राहायली." हे सोनं होतं. यात ढीग एकच आहे! तिसरी फेल टेस्ट लिहिली, एक ढीग, ओलावा १५ टाकून सेव्ह, मग १२ करून सेव्ह, कपात शून्य यायला पाहिजे, आली ३.

दुसरी फेरी चालवली. आता एकूण फेल ३. लूपवरून त्यातल्या दोनच जातात, मार्क ०.५२ वर घसरला. कॅशेच्या ओळींवरून तिन्ही जातात, मार्क ०.६५. यादी उलटली. एका टेस्टनं. टॅरँट्युलाच्या फॉर्म्युल्यानंही काढून बघितलं, तिथं पण क्रम उलटतो पण इतका थोडक्यात की ०.८९ आणि ०.९०, बघणाऱ्याला दोन्ही सारखेच लाल दिसतील. डीस्टार म्हणून आणखी एक फॉर्म्युला आहे, त्यात फेल आकड्याचा वर्ग करतात, तिथं फरक उठून दिसतो, १ आणि २.२५. फॉर्म्युल्यांच्या तुलनेचे पेपर ढिगानं निघालेत, पण पहिल्या फेरीत हे तिन्ही फॉर्म्युले लूपलाच वर ठेवत होते, एकानंही वाचवलं नसतं. वाचवलं ते मुनीमजींच्या आठवणीनं. म्हणून मी म्हणतो, फॉर्म्युला बदलण्याआधी वेगळ्या धाटणीची एक फेल टेस्ट शोधा, आणि ती बहुतेक वेळा कोडमध्ये सापडत नाही, जो माणूस रोज ते सॉफ्टवेअर वापरतो त्याच्याकडं सापडते.

आता कॅशेची ओळ वर आली म्हणजे बग सापडला का? नाही. ती ओळ फक्त "मेमरीत आहे ते देऊन टाक" एवढंच म्हणते, वाचली तर त्यात चूक काहीच दिसत नाही. पार्निन आणि ऑर्सो यांचा २०११ चा एक पेपर आहे, त्यांनी प्रत्यक्ष प्रोग्रामर बसवून बघितलं की अशा याद्यांनी खरंच फायदा होतो का. त्यांना दिसलं की माणसं यादी वरून खाली इमानदारीनं वाचत जात नाहीत, मध्येच उड्या मारतात, आणि दोषी ओळ समोर आली तरी नुसती ओळ बघून दोष ओळखू येतोच असं नाही. पुढं प्रोग्रामरांचे सर्व्हे झाले त्यातही बहुतेकांनी सांगितलं की पहिल्या पाचांत नसेल तर आम्ही पुढं बघणार नाही. आमच्याकडं जिथं खरी गडबड होती ती ओळ, कॅशेची चावी (मेमरीतलं कुठलं उत्तर द्यायचं हे ठरवणारी खूण) बनवणारी, तिचा मार्क किती होता माहितीय? ०.२८. कारण चावी प्रत्येक ढिगाला बनते, पास होणाऱ्या ३७ पैकी ३४ टेस्ट तिच्यावरून गेलेल्या. यादीत ती पार तळाला, तिथपर्यंत कोणीच गेलं नसतं.

इथं स्लाइसिंग उपयोगी पडलं. मार्क वायझर यांच्या १९८१ च्या पेपरातली कल्पना, एखाद्या ठिकाणची एक किंमत धरायची आणि मागं-मागं जात बघायचं की ही किंमत कशाकशावर अवलंबून आहे, बाकी सगळा कोड नजरेआड. पुढं १९८८ च्या सुमारास कोरेल आणि लास्की यांनी यातच फक्त त्या एका रनपुरतं बघायचं, म्हणजे डायनॅमिक स्लाइस, हे मांडलं. आम्ही दुसऱ्या ढिगाची कपात धरली आणि मागं निघालो, फंक्शन लहान होतं म्हणून हातानंच कागदावर. कपात आली कॅशेमधून. कॅशेमध्ये कुठली किंमत निवडली ते ठरलं चावीवरून. चावी बनली शेतकरी कोड, तारीख आणि मालाचं नाव यांच्यावरून. आणि मेमरीतली ती किंमत कुठून आली, तर पहिल्या ढिगाच्या १५ टक्क्यांवरून. बस, स्लाइस संपली. दुसऱ्या ढिगाचा ११ टक्के ओलावा त्या कागदावर कुठंच नाही. दुसऱ्या ढिगाच्या ओलाव्याची कपात काढली आणि त्यात दुसऱ्या ढिगाचा ओलावाच नाही, हे समोर आल्यावर कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

ही चूक "काहीतरी चुकीचं लिहिलंय" या प्रकारची नव्हती, "काहीतरी लिहायचं राहिलंय" या प्रकारची होती. राहिलेल्या गोष्टीला ओळ नसते, ओळ नाही तर मार्क नाही. स्पेक्ट्रम पद्धत तिच्या जवळपासच्या ओळीपर्यंत आणते, पुढचं माणसानं किंवा स्लाइसनं करायचं. एक पोरगा म्हणाला की म्युटेशनवाली पद्धत वापरली असती तर, म्हणजे मशीननं स्वतः एकेक ओळ बदलून किंवा उडवून बघायचं की फेल टेस्ट पास होतात का. करून बघितलं. कॅशेतून परत देणारी ओळ उडवली की तिन्ही फेल टेस्ट पास आणि बाकी एकही बिघडत नाही. म्हणजे म्युटेशनचंही बोट त्याच ओळीवर. आणि आपोआप दुरुस्ती करणाऱ्या टूलला हे दिलं असतं तर त्यानं बहुतेक हाच पॅच दिला असता, ओळ उडवा, टेस्ट हिरव्या, काम झालं. पण मग प्रत्येक ढिगाला खरेदीदाराचे नियम डेटाबेसमधून परत-परत आणावे लागतात, आणि संध्याकाळी काट्यावर गर्दी असताना स्क्रीन अडकते, याच कारणासाठी तर कोणीतरी कॅशे आणला होता. टेस्ट वेग तपासत नव्हत्या म्हणून मशीनला ते दिसलं नसतं.

कधी चुकतं कधी नाही याचं उत्तरही इथंच मिळालं. कॅशे प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत होता, आणि सर्व्हरवर एकाच वेळी तीन प्रोसेस, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या तीन प्रती, चालतात. दुसरा ढीग योगायोगानं त्याच प्रोसेसकडं गेला तर जुनी कपात, दुसरीकडं गेला तर नव्यानं हिशोब आणि उत्तर बरोबर. परत सेव्ह केल्यावर बरोबर येणं म्हणजे एवढंच, की या खेपेला नोंद दुसऱ्या प्रोसेसकडं गेली.

दुरुस्ती छोटी झाली. कपात कॅशेमध्ये ठेवायची नाही, फक्त नियम ठेवायचे, त्यांची चावी खरेदीदार, माल आणि तारीख, आणि कपात दरवेळी समोरच्या ढिगाच्या ओलाव्यावरून काढायची. गुणाकार-वजाबाकीला वेळ लागत नाही, वेळ डेटाबेसला लागत होता, तो आता वाचतोच. चावीत ढिगाचा नंबर टाकून पण दोन ढिगांच्या टेस्ट पास झाल्या असत्या, पण ओलावा दुरुस्त करायची तिसरी टेस्ट तरीही फेल राहिली असती, म्हणून तो मार्ग सोडला.

कोड सुधारला तरी आधी निघालेल्या पट्ट्या तशाच होत्या. कपात ढिगासोबत डेटाबेसमध्ये साठवलेली असते, म्हणून मेटामॉर्फिक टेस्टसाठी लिहिलेलीच स्क्रिप्ट घेऊन त्या हंगामातला प्रत्येक ढीग एकटा चालवला आणि साठवलेल्या कपातीशी ताडून बघितला. जिथं फरक निघाला त्याची यादी दुकानवार करून मुनीमजींकडं दिली, शेतकऱ्याचं नाव, तारीख, ढीग, किती किलो आणि किती रुपये. ज्यांना कमी मिळाले त्यांचे दुकानदारांनी चुकते केले, ज्यांची उचल बाकी होती त्यांच्या उचलीतून तेवढे वळते करून घेतले. ज्यांना जास्त गेले त्यांच्याकडं मागायचे का हा दुकानदारांचा प्रश्न होता, दोघा-तिघांनी ते सोडून दिले, बाकीच्यांनी पुढच्या पट्टीला बोलून घेऊ म्हणून ठेवले. तीच स्क्रिप्ट आता रोज रात्री त्या दिवसाच्या सगळ्या ढिगांवर चालते, आणि एकही फरक निघाला तर सकाळी मोंढा उघडायच्या आत आम्हाला मेसेज येतो.